स्वच्छ दिसतं ते पाणी स्वच्छ असतंच असं नाही

लोणच्याला आलेली बुरशी, भिंतीची ओल, रेशमी साडीवरचे डाग हे आपले नेहमीचे प्रश्न आज जरा बाजूला ठेवू. आज बोलू या दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवलेल्या माशांच्या काचपेटीबद्दल. मुलांच्या हट्टापायी ती घरात येते. पहिले आठ दिवस घरातलं प्रत्येक माणूस तिच्यासमोर ठाण मांडून बसतं. मग हळूहळू ती आपल्याच गळ्यात पडते. खाऊ घालायला सगळे, पाणी बदलायला आई!

आणि मासे मरायला लागले की जो तो आपापलं कारण सांगतो. दुकानदार म्हणतो, हवा बदलली. घरातले म्हणतात, मासेच कमजोर निघाले. एखादी शेजारीण समजूत घालते, "घरावरचं संकट त्यानं आपल्या अंगावर घेतलं हो!" आपल्यालाही बरं वाटतं आणि आपण नवे मासे आणायला दुकानात जातो. महिन्याभरानं पुन्हा तेच.

खरं कारण बहुतेक वेळा एकच असतं आणि ते म्हणजे पाणी. दिसायला नितळ असलेलं पाणीसुद्धा माशाचा जीव घेऊ शकतं. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या घरी हे घडलं, आणि त्याचा दोष मी भलत्याच माणसाच्या माथी मारला. म्हणून आधी तेच सांगते.

आमच्या घरी काय झालं

गोष्ट २०२२ च्या दिवाळीची. आमच्याकडे दोन फुटांच्या पेटीत पाच गोल्डफिश होते, वर्षभर सुखानं नांदत होते. घरात साफसफाई चालू होती. माळे झाले, डबे झाले, पंखे झाले आणि माझी नजर त्या पेटीकडे गेली. काचेवर हिरवट थर, खड्यांत काळपट गाळ, फिल्टरचा स्पंज तर असा तपकिरी की हात लावायला नको वाटावं. सणासुदीला हे असं कसं ठेवायचं?

पदर खोचला. मासे बादलीत काढले. सगळं पाणी उपसलं. खडे उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवले. स्पंज नळाच्या धारेखाली पिळून पिळून नवा कोरा केला. नळाच्या पाण्यात औषध असतं एवढं मला ठाऊक होतं, म्हणून पिंपात एक दिवस भरून ठेवलेलंच पाणी घातलं. पेटी अशी लखलखली की येणारा-जाणारा थांबून बघत होता. मी स्वतःवर बेहद्द खूश!

तिसऱ्या दिवशी पाण्यावर दुधाळ झाक आली. चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंडांची उघडझाप करू लागले. आणि नरकचतुर्दशीला, अभ्यंगस्नानाच्या गडबडीत, दोन मासे पोट वर करून तरंगताना दिसले.

पाणी तर मी माझ्या हातांनी बदललेलं, तेव्हा पाण्याचा दोष असूच शकत नाही असं माझं ठाम मत. मग दोष कुणाचा? खाऊ घालायचं काम मुलाकडे, तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. "तूच जास्त घातलं असशील! दहादा सांगितलं होतं!" असं मी त्याला सगळ्यांदेखत बोलले. त्यानं उलट एक शब्द काढला नाही. दोन्ही मासे गुलाबाच्या कुंडीत पुरले आणि त्या दिवसापासून पेटीकडे पाहायचंच सोडलं. फराळाच्या ताटावरही गप्प बसून होता.

सुटी संपून शाळा उघडली. मधल्या सुटीत शिक्षकांच्या खोलीत मी सहज हा विषय काढला. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, "स्पंज कशात धुतला होतात?" मी अभिमानानं सगळी हकिकत सांगितली. त्या म्हणाल्या, "अहो, मग विरजणच धुऊन टाकलंत की तुम्ही!"

पेटीतलं विरजण

त्यांनी मला जे समजावलं ते विरजण लावणाऱ्या प्रत्येक बाईला चटकन कळण्यासारखं आहे.

मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, शिवाय उरलेलं अन्न कुजून, पाण्यात अमोनिया तयार होतो. काही केस रंगवायच्या औषधांना जो उग्र वास येतो ना, तोच हा अमोनिया. पाण्यात तो इतका थोडा असतो की आपल्याला रंगानं कळत नाही, वासानं कळत नाही, पण माशाचे कल्ले मात्र जळतात.

नदीत, तळ्यात हे विष साचत नाही. तिथे पाणी भरपूर, आणि शिवाय दगडांवर, गाळात वाढणारे जीवाणू हा अमोनिया खातात. त्यांचं एक कुटुंब अमोनियाचं नायट्राइट करतं. तेही विषारीच. दुसरं कुटुंब त्या नायट्राइटचं नायट्रेट करतं. हे नायट्रेट म्हणजे झाडांचं खत, माशांना त्यामानानं पुष्कळ कमी त्रासाचं. आपल्या पेटीत हेच जीवाणू खड्यांवर आणि सर्वांत जास्त त्या तपकिरी स्पंजमध्ये वस्ती करून असतात. मला जी घाण वाटली ती पेटीची खरी मोलकरीण होती, आणि मी तिलाच उकळत्या पाण्यात आणि नळाच्या क्लोरिनमध्ये घातलं!

दही एका रात्रीत लागतं. हे विरजण लागायला मात्र महिना-दीड महिना लागतो. म्हणूनच नवी पेटी आणल्या दिवशी डझनभर मासे सोडले तर ते आठ-पंधरा दिवसांत एकेक करून जातात. पेटी आधी लागू द्यावी लागते. सुरुवातीला एक-दोन मासे, चिमूटभर खाणं, आणि बाकीचे मासे महिन्याभरानंतर. घाई असेल तर ज्यांच्याकडे जुनी, निरोगी पेटी आहे अशा मैत्रिणीकडून तिच्या फिल्टरमधला थोडा स्पंज नाहीतर मूठभर खडे मागून आणा. शेजारी वाटी घेऊन विरजण मागायला जातो, अगदी तसंच. फक्त ओलेच आणा आणि लगेच पेटीत घाला. वाळले की जीवाणू मेले.

लक्षणांवरून दोष ओळखा

मासे आजारी दिसले की दुकानातून निळं-पिवळं औषध आणून ओतण्याची घाई करू नका. आधी आठवा, त्रास केव्हा सुरू झाला? त्यावरून निम्मं निदान होतं.

नवं पाणी घातल्यावर काही मिनिटांत किंवा तासांत मासे सैरावैरा धावू लागले, काचेवर आपटू लागले, तर दोष क्लोरिनचा समजा, नाहीतर पाणी एकदम गार-गरम झालं असेल. पिण्याच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेला असावा असं आपलं भारतीय मानक सांगतं. आपल्या पोटासाठी ते चांगलंच आहे, पण माशाच्या कल्ल्यांना त्याहून कमीही बाधतं. पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे क्लोरिन वाढवतात. गच्चीवरची टाकी धुऊन तिच्यात ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर विचारूच नका. यासाठी पाणी रुंद तोंडाच्या बादलीत, झाकण न ठेवता चोवीस तास राहू द्या आणि मधूनमधून ढवळा. पाण्याला ब्लीचिंगचा वास येत असेल तर आणखी एक दिवस थांबा. माशांच्या दुकानात क्लोरिन मारायचं औषध मिळतं. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट, म्हणजे जुने फोटोग्राफर वापरायचे तो हायपो, असतो. बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाला.

पेटी नवी आहे, किंवा माझ्यासारखी घासूनपुसून काढली आहे, आणि दोन-चार दिवसांनी मासे मलूल होऊन तळाशी बसतात, कल्ले लाल दिसतात, तर अमोनिया वाढलाय. मासे फार झाले, खाणं फार झालं किंवा एखादा मासा खडकामागे मरून पडला, तरी हेच होतं. ज्यांच्याकडे बोअरवेलचं जड पाणी आहे त्यांनी जास्त सांभाळायला हवं. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, सातचा आठ झाला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यात आणखी भर.

पेटी नवी, दोन-तीन आठवडे बरे गेले, पंपाचे बुडबुडे चालू आहेत आणि तरीही मासे धापा टाकताहेत, तर संशय नायट्राइटचा घ्या. हे रक्तात शिरलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, कल्ले तपकिरी दिसू लागतात. यावर स्वयंपाकघरातलं मीठ उपयोगी पडतं. दर लिटर पाण्याला एक ग्रॅम, म्हणजे पाच लिटरला लहान चमचाभर मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून थोडं थोडं घाला. पाणीही बदलावं लागेलच. नुसत्या मिठानं विष जात नाही.

पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडतात आणि दिवस वर आल्यावर ठीक होतात, तर प्राणवायू कमी पडतोय. रात्री पाणवनस्पती आणि शेवाळंही प्राणवायू वापरतात. शिवाय पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशाला लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला साडेसातच. म्हणून मे महिन्यात पेटीतली गर्दी जास्त जाणवते. हवेचा पंप रात्री बंद करायची सवय असेल तर ती आधी सोडा. विजेची बचत बरी, पण ती इथे नको.

पाणी हिरवं झालं तर घाबरू नका. उजेड जास्त झालाय एवढंच. पेटी खिडकीपासून दूर न्या, दिवा सात-आठ तासांवर लावू नका. नव्या पेटीत पाणी दुधाळ झालं तर ते जीवाणूंचं पीक असतं. खाणं कमी करा, चार-आठ दिवसांत निवळतं. पण खडे हलवल्यावर कुजक्या अंड्यासारखा वास आला तर खड्यांचा थर जाड झालाय आणि तळाशी हवा पोचत नाहीये. थर कमी करा, पण एका दिवसात नव्हे, थोडा थोडा.

शेवटचं दुखणं सावकाशीचं. महिनोन्महिने पाणी बदललेलं नाही, फक्त आटलं की वरून भरलं. आमटी आटली आणि तीत पाणी घालत राहिलं तर मीठ जातं का कुठे? तसंच इथे. आटतं ते फक्त पाणी. क्षार आणि नायट्रेट मागे राहतात आणि दर भरणीबरोबर वाढत जातात. जुने मासे सवयीनं तग धरतात आणि नवा आणून सोडला की तो दोन दिवसांत मरतो. अशी पेटी सुधारायची तर एकदम सगळं पाणी बदलू नका. रोज पेलाभर सुरुवात करून आठवड्याला थोडं थोडं वाढवा.

अंदाजावर विसंबायचं नसेल तर माशांच्या मोठ्या दुकानात पाणी तपासायचे थेंब मिळतात. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि रंग कागदाशी जुळवायचा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत. नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत आणि पीएच साडेसहा ते आठच्या दरम्यान असला म्हणजे झालं. नव्या माशांच्या किमतीत हा संच महाग पडत नाही.

आपल्याच घरातली विषं

काही गोष्टी आपण चांगल्या हेतूनं करतो आणि मासा मरतो.

डास मारायच्या वड्या, द्रव, फवारे यांत जी औषधं असतात त्यांतली बरीच माशांना अतिशय घातक असतात. आणि पेटीचा हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. पेटीच्या खोलीत या वस्तू लावूच नका. झुरळांचं औषध मारायला माणूस येणार असेल त्या दिवशी पेटीवर ओलं फडकं झाका, पंप बंद ठेवा किंवा त्याची नळी दुसऱ्या खोलीतून घ्या, आणि खिडक्या उघडून हवा खेळू द्या.

पेटीची बादली, मग आणि नळी वेगळी ठेवा. ज्या बादलीत साबणाचे कपडे भिजले, फरशीचं फिनेल कालवलं, ती कितीही विसळली तरी नको. काच पुसायला साबण नाही, पावडर नाही. स्वच्छ फडकं आणि पेटीतलंच पाणी पुरे. हाताला क्रीम, उटणं, तेल असेल तर हात बुडवण्यापूर्वी नुसत्या पाण्यानं चांगले धुवा.

तांब्याच्या कळशीतलं पाणी आपण कौतुकानं पितो. पेटीत मात्र ते घालू नका. पाण्यात उतरलेलं तांबं माशांना बाधतं आणि गोगलगायी, कोळंबी यांना तर त्याहून थोडंही सोसत नाही. आर.ओ. मशीनचं पाणीही एकटं वापरू नका, कारण त्यात माशाला लागणारे क्षार फारच कमी उरतात. आणि त्या मशीनमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी तर नकोच, त्यात क्षार जास्त असतात.

मासे धापा टाकत असतील तर

कारण शोधायला वेळ लागतो, तोवर काय करायचं? खाणं लगेच बंद करा. दोन दिवस उपास घडल्यानं मोठा मासा मरत नाही, उलट पाण्यातलं विष वाढायचं थांबतं. मेलेला मासा, कुजलेलं पान, तळाशी पडलेलं अन्न काढून टाका. पेटीतलं एक तृतीयांश पाणी काढून तितकंच साठवलेलं, क्लोरिन गेलेलं पाणी हळूहळू घाला. हाताला दोन्ही पाणी सारखंच कोमट-गार लागलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक तृतीयांश बदला. हवेचा पंप जोरात चालू ठेवा. वीज गेली असेल तर प्लॅस्टिकच्या मगानं पाणी वर उचलून वीतभर उंचीवरून धारेनं परत सोडत राहा, तेवढ्यानंही पाण्यात हवा मिसळते. वीज बऱ्याच तासांनी आली तर बंद पडलेला फिल्टर तसाच चालू करू नका. आतला स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यात पिळून घ्या आणि मगच लावा.

म्हणून घरात एक झाकण नसलेली बादली साठवलेल्या पाण्याची कायम असू द्या. पाहुण्यांसाठी आपण रवा-साखर ठेवतोच की नाही?

दर आठवड्याचा नेम

आता नेम सांगते. तो लागला की फार काही करावं लागत नाही.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पाव हिस्सा पाणी बदला. नळीचं एक टोक खड्यांवर धरून तळचा गाळ पाण्याबरोबर ओढून घ्या. काढलेलं पाणी मोरीत ओतू नका, त्यात झाडांचं खत आहे. गुलाबाला, जास्वंदीला घाला. फक्त मीठ घातलेलं असेल तर झाडांना नको. फिल्टरचा स्पंज महिन्या-दीड महिन्यानं, तोही याच काढलेल्या पाण्यात दोनदा दाबून काढायचा. पांढरा करायचा नाही! आणि ज्या दिवशी स्पंज धुतला त्या दिवशी खडे हलवायचे नाहीत. दही काढताना तळाशी थोडं ठेवतो, तसंच.

खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा किंवा दोनदा. मासा तोंड उघडून काचेजवळ आला म्हणजे तो भुकेला आहे असं नाही. आपली मुलंही डबा उघडला की येतातच.

आणि गर्दी करू नका. पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि हजारानं भागा, म्हणजे लिटर मिळतील. ६० लांब, ३० रुंद, ३० उंच पेटी म्हणजे ५४ लिटर. खडे आणि वरची मोकळी जागा सोडली तर प्रत्यक्षात ४५ च्या आसपास. गोल्डफिश खादाड, घाण करणारे, आणि नीट वाढले तर वीतभर होणारे मासे. एवढ्या पेटीत दोन लहान गोल्डफिशसुद्धा पुष्कळ झाले. आमच्याकडे पाच होते. ते वर्षभर जगले ते केवळ त्या तपकिरी स्पंजच्या पुण्याईवर! लहान पेटी असेल तर चार-पाच गप्पी बरे. काचेच्या गोल बरणीत तर गोल्डफिश ठेवूच नये, ते कितीही शोभिवंत दिसलं तरी.

प्रवाळाचा मोह

पेटी सजवताना दुकानात पांढऱ्या प्रवाळाचा तुकडा बघून मोह होतो. तो घेऊ नका. एकतर प्रवाळ म्हणजे चुन्याचा सांगाडा. गोड्या पाण्यात तो हळूहळू विरघळतो, पाणी जड करतो आणि पीएच वाढवतो. अमोनियाचं काय होतं ते वर सांगितलंच आहे. रंगीत खडे, शिंपले घेतानाही घरी आणून त्यांच्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून बघा. फेस आला तर त्यात चुना आहे, ते पेटीत नकोत.

आणि दुसरं म्हणजे समुद्रात बेटं उभारणारे हे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत. २००१ पासून त्यांना पहिल्या अनुसूचीत जागा आहे. ते काढणं, विकणं गुन्हा आहे. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. तिथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं. परदेशात नातेवाइकांकडे खाऱ्या पाण्याच्या पेटीत जिवंत प्रवाळ पाहिलेल्या मैत्रिणी विचारतात, आपल्याकडे का नको? कायदा हे एक कारण झालंच. शिवाय प्रवाळ हा सजीव फार हळवा. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात आणि उन्हाच्या मदतीनं त्याला अन्न पुरवतात. पाणी एक-दोन अंश जास्त तापून तसंच राहिलं तरी ती शैवालं निघून जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. जी चूक गोल्डफिश आठवडाभर सोसतो, ती प्रवाळ सोसत नाही. समुद्रातली ठेव समुद्रातच राहू दे. आणि हो, पेटी नकोशी झाली तर मासे विहिरीत, नाल्यात किंवा तळ्यात सोडू नका. कुणा हौशी माणसाला नाहीतर दुकानात परत द्या.

आता राहिलेली गोष्ट

ज्या दिवशी विज्ञानाच्या बाईंनी मला हे सांगितलं, त्या संध्याकाळी मी मुलाला जवळ बसवलं. म्हटलं, "मासे तुझ्यामुळे नाही गेले. मी फार स्वच्छ केलं म्हणून गेले." तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग दप्तरातून एक वही काढून त्यानं मागचं पान दाखवलं. रोजच्या तारखेखाली दाण्यांचा आकडा लिहिलेला होता. पाच माशांना मिळून वीस दाणे, सकाळी एकदा. एक दाणाही जास्त नाही.

"मग तेव्हाच का नाही दाखवलंस रे?"

"तू चिडली होतीस."

मैत्रिणींनो, पाणी मी त्याच आठवड्यात ताळ्यावर आणलं. रोज थोडं बदललं, विज्ञानाच्या बाईंच्या पेटीतला स्पंजचा तुकडा मागून आणला, आणि उरलेले तीन मासे वाचले. पुढे त्यांना मोठी पेटीही आणली. पण मुलगा पुन्हा त्या पेटीसमोर येऊन बसायला त्याहून जास्त दिवस लागले. आता दर रविवारी पाणी बदलायचं काम आम्ही दोघं मिळून करतो. नळी तो धरतो, बादली मी. स्पंज पिळायची वेळ आली की तो मला आठवण करतो, "आई, दोनदाच हं!"

तुमच्याकडे पेटी असेल तर आज एवढंच करा: एक बादली पाणी भरून उघडी ठेवा आणि तो तपकिरी स्पंज आहे तसा राहू द्या.